सर्वानुमते

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरातला एक शब्द खोटा आहे. ‘सर्वानुमते’. खाली सही माझी, शिक्का सोसायटीचा.

प्रकरण सुकटीचं होतं. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्यानं राहायला आली, रत्नागिरीकडची. सोबत आई. अकरा महिन्यांचा करार, पोलिस पडताळणी, सगळं रीतसर. आई दुपारी सुकट भाजायची. आमची इमारत साताऱ्यात. तीन मजले, अठरा फ्लॅट आणि जिन्याला एकच खिडकी, त्यामुळे कुणाकडे काय शिजलंय ते सगळ्यांना कळतं. तक्रारीचा अर्ज आला, त्यावर नऊ सह्या. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून विशेष सभा झाली. ठराव असा: ‘भाडेकरूंनी उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत, जेणेकरून इतर सभासदांना त्रास होणार नाही.’ मासळी हा शब्द ठरावात कुठेही नाही. तो मीच टाळला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कुठला शब्द कुठे टाळायचा हे शिकवावं लागत नाही.

हात वर झाले. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, “माझा विरोध आहे.” अध्यक्ष म्हणाले, “अहो मास्तर, तुम्ही तर माळकरी!” हशा पिकला. त्या हशातच मी लिहून मोकळा झालो: सर्वानुमते मंजूर. दोन महिन्यांनी मायलेकी फ्लॅट सोडून गेल्या. त्यांना कुणी ‘जा’ म्हटलं नव्हतं.

हे सगळं मी विसरलोही होतो. पुढं वर्षभरानं आम्ही चौघांनी दर रविवारी सकाळी एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल, त्याचं व्यक्तीच्या स्वातंत्र्यावरचं ‘ऑन लिबर्टी’ वाचायला घेतलं. चौघं म्हणजे मी, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, एक तरुण वकील आणि बाईंची भाची. भाची एमपीएससी करते. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, “मिल, १८५९, हार्म प्रिन्सिपल. एवढं पाठ असलं की पुरे.” बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पुढचे तीन रविवार ती पोरगी गप्प होती.

पुस्तक लहान आहे, पण वाक्यं घाटासारखी. चढ लागला की मध्ये थांबता येत नाही. तासाला दीड पान व्हायचं. आम्ही मोठ्यानं वाचायचो, मग मराठीत सांगायचो, आणि मराठीत सांगताना भांडायचो. पहिलं मोठं भांडण एका शब्दावर झालं. मिलचं सूत्र असं की माणसावर त्याच्या मनाविरुद्ध सत्ता गाजवायला एकच कारण चालतं: त्याच्यामुळे दुसऱ्याची हानी होते आहे. त्याचं स्वतःचं भलं व्हावं, हे कारण पुरत नाही. त्याला समजवावं, विनवावं, त्याच्याशी हुज्जत घालावी, पण सक्ती नको. आता ‘हानी’ म्हणायचं, ‘इजा’ म्हणायचं, की ‘अपाय’? वकील म्हणाला, “सरळ ‘त्रास’ म्हणा की. लोकांना कळेल.”

बाई म्हणाल्या, “तोच तर घोटाळा आहे.”

खरंच आहे. ‘त्रास’ हा आपला लबाड शब्द आहे. शेजाऱ्यानं भिंत फोडली तरी त्रास, शेजाऱ्याची मुलगी रात्री उशिरा घरी आली तरी त्रास. तसंच ‘भावना दुखावल्या’. दुखणं ही खरं तर अंगाची गोष्ट, गुडघा दुखतो, दात दुखतो. भावनेला एकदा ‘दुखावणे’ जोडलं की पुढं पोलिस ठाण्यात फिर्याद द्यायला वाट मोकळी. मिलला हा डाव ठाऊक होता. चौथ्या प्रकरणात तो म्हणतो की कित्येकांना जे आवडत नाही तीच त्यांना स्वतःला झालेली इजा वाटते. आणि मग त्याची ती उपमा: माझं मत मला प्रिय असणं आणि माझं ते मत आहे म्हणून दुसऱ्याला राग येणं, यांची बरोबरी होत नाही. जशी पाकीट जपून ठेवावंसं वाटणाऱ्या मालकाची आणि ते मारावंसं वाटणाऱ्या चोराची होत नाही.

तिथं मला सुकट आठवली. मी ते लगेच बोललो नाही. पुढच्या रविवारी बोललो.

वकिलानं माझी बाजू घेतली, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, वास खराच नाकात जातो, ती नुसती कल्पना नव्हे. उपद्रवाचा कायदा आहेच, आणि स्वतःच्या घरात टायर जाळायला मिलही परवानगी देणार नाही. बरोबर आहे. पण अर्ज माझ्याकडे आला होता, मी तो दहादा वाचला होता. त्याच जिन्यात लाल मिरचीचा ठसका उठतो, लसणाची फोडणी दरवळते, चातुर्मासात धूप इतका असतो की दम्याचे दोन पेशंट दारं लावून बसतात. गणपतीत पाच दिवस स्पीकर खाली पार्किंगमध्येच. त्याविरुद्ध कधी नऊ सह्या झाल्या नाहीत. म्हणजे नाकाला झालेला त्रास हा त्या अर्जाचा विषयच नव्हता.

आणि मग त्याच प्रकरणात ती तळटीप आली. आम्ही चौघंही उडालो. लंडनच्या मिलनं तळटिपेत चक्क मुंबईचे पारशी आणलेत. मिल सांगतो, इराणातून आलेल्या या लोकांना पश्चिम हिंदुस्थानातल्या हिंदू राजांनी आसरा दिला तो गोमांस न खाण्याच्या अटीवर. नंतर हा मुलूख मुसलमान राजांच्या ताब्यात गेला, तेव्हा पुढची सवलत मिळाली ती डुकराचं मांस न खाण्याच्या अटीवर. आधी जे सत्तेला घाबरून पाळलं, ते पुढं अंगवळणी पडलं; दुहेरी वर्ज्य हीच त्यांच्या जातीची रीत झाली. ही हकिकत इतिहास म्हणून किती पक्की ते बाजूला ठेवू. मिलला तिच्यातून काय दाखवायचं होतं ते मोलाचं आहे. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात डुकराचं मांस खायला बंदी घातली तर ती न्याय्य का, असं तो विचारतो. त्यांना खरोखर किळस येते, ढोंग नव्हे. त्यांच्या धर्मात ते निषिद्धच आहे. बरं, ही बंदी म्हणजे धर्मछळ असंही म्हणता येणार नाही, कारण ते खाणं हे कुणाचं धर्मकर्तव्य नाही. मग विरोध कशाच्या जोरावर करायचा? मिलचं उत्तर, एकाच गोष्टीच्या: माणसाची वैयक्तिक आवड आणि त्याचं स्वतःपुरतं वागणं यात समाजाला ढवळाढवळ करायचं कारण नाही.

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे. २०१५ साली तो बैल आणि वळूंनाही लागू झाला आणि त्यात एक कलम आलं, ५-ड. राज्याबाहेर, जिथं कत्तल कायदेशीर आहे अशा ठिकाणी कापलेल्या या जनावरांचं मांससुद्धा जवळ बाळगणं गुन्हा. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण ५-ड रद्द केलं. आधार खासगीपणाच्या हक्काचा. वकिलानं तो निकाल मोबाइलवर काढला आणि आम्ही मिलची तळटीप शेजारी ठेवून वाचला. न्यायालयानं बंदी उचलली नाही हे लक्षात घ्या. पण सरकारनं नागरिकाच्या फ्रिजचं दार उघडावं का, या प्रश्नावर ते थांबलं. भाची म्हणाली, “म्हणजे आपली सोसायटी हायकोर्टाच्याही पुढं गेली.” तीन रविवार गप्प बसलेली पोरगी ती हीच.

बाईंचा मिलवर एक जुना राग होता, तो दुसऱ्या महिन्यात बाहेर आला. पहिल्याच प्रकरणात, सूत्र सांगून झाल्यावर लगेच, तो अपवाद करतो. हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही, आणि मागासलेल्या समाजांनाही नाही, कारण तिथं अख्खी जमातच जणू नाबालिग. अशा लोकांवर हुकूमशाही चालेल, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झालं. हे कोण लिहितो? तर १८२३ पासून १८५८ पर्यंत, पस्तीस वर्षं, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस. हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, पण इथल्या संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे खलिते तयार करणं हे त्याचं काम. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा हा गृहस्थ त्याच कचेरीत टेबलाशी बसलेला होता. बाई म्हणाल्या, “आम्ही नाबालिग, आणि पालक कोण, तर भागधारकांची कंपनी!” त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही. चहा झाला.

मलाही राग आला होता, पण माझा राग बँकेतल्या माणसाचा. कर्ज देताना ‘आपली पत नाही’ असं तोंडावर न सांगता जे कलम दाखवतात, तसं ते वाक्य आहे. ‘अजून नाही’ एवढंच म्हणायचं, आणि ‘कधी’ ते सांगायचं नाही. सोसायटीतले भाडेकरू आणि मालक यांचंही तेच. भाडेकरूला सभेत मत नाही, त्याच्यावर ठराव मात्र आहे.

पण मग या मिलला आपल्याकडच्या लोकांनी डोक्यावर का घेतलं? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. कराडजवळचं टेंभू आमच्याच जिल्ह्यात. गोपाळ गणेश आगरकर १८५६ चे, म्हणजे ‘ऑन लिबर्टी’ छापून आलं तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे. मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेला हा माणूस ‘केसरी’चा पहिला संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे सरकारी दडपण त्यांना ठाऊक होतं. पण त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती सरकारनं नव्हे, पुण्यातल्या लोकांनी. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, १८९१ साली, मुलींच्या बाबतीत शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं की नाही यावर रान पेटलं होतं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारनं आमच्या घरात शिरू नये. आगरकर कायद्याच्या बाजूनं. वरवर पाहता टिळकच मिलच्या जवळचे वाटतात, नाही? सरकार नको, घर आमचं. पण घरात जी दहा वर्षांची मुलगी आहे तिचं काय? ‘आमचं घर’ म्हणणाऱ्यांत ती मोजलेली नाही. मिलनं नाबालिगांचा अपवाद जिथं खरा लागू पडतो तिथं तो आगरकरांनी लावला, आणि अख्ख्या समाजाला नाबालिग ठरवण्याची सवलत मात्र इंग्रजांना दिली नाही. पुस्तक असं वाचावं लागतं. लेखकाचा हात धरून, पण त्याच्या खिशावर नजर ठेवून.

मिलला खरी भीती वाटत होती ती राजाची नव्हे, शेजाऱ्याची. समाजाचा जुलूम हा कित्येक प्रकारच्या सरकारी जुलमापेक्षा वाईट, कारण त्यातून पळायला वाटा कमी, आणि तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरून माणसाचा आत्माच बांधून टाकतो, असं तो लिहितो. इंग्लंडात त्याला ते किती दिसलं असेल कोण जाणे. आपल्याकडे त्याला शब्दच तयार आहे, वाळीत टाकणं. जातपंचायतींच्या आणि गावक्यांच्या बहिष्काराविरुद्ध आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं मोहीम चालवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळानं २०१६ साली केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो कायदा वाचताना मी वहीतला आमचा ठराव आठवत होतो. आमचं प्रकरण त्यात बसत नाही, वकिलानं तसं सांगितलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

आजच्या राजकारणाला मिल लावायचा तर मला वाटतं त्याचा धान्याचा व्यापारी सगळ्यात कामाचा. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच तो येतो. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापलं तर कुणी हात लावायचा नाही. पण तेच मत व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढं बोललात, किंवा त्या जमावात तसे फलक वाटलेत, तर शिक्षा योग्य. शब्द तेच. फरक जागेचा आणि वेळेचा.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. जमाव जमला. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पोलिसांनी अटक केली ती दोन्ही मुलींना. मिलचा व्यापारी आठवा. इथं मत मांडणारीच जमावाच्या दारात सापडली, दार तिच्याच घरच्यांचं, आणि सरकारनं हात धरला तोही तिचाच. ज्या कलमांखाली हे झालं त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. त्या कलमाच्या मजकुरात चीड आणणं, गैरसोय करणं असल्या गोष्टी गुन्हा म्हणून लिहिलेल्या होत्या. म्हणजे आपला ‘त्रास’च की, संसदेनं मंजूर केलेला! २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लगाम घालायचा तर तिसरीला, असं न्यायालयानं सांगितलं. आमच्या रविवारच्या वादात मात्र एक गाठ सुटली नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे वर्तमानपत्र की व्यापाऱ्याच्या दारातला जमाव? दुपारी निवांत वाचला तर वर्तमानपत्र. रात्री अकराला, गावात तणाव असताना, ‘सगळ्यांनी चौकात या’ असा आला तर जमाव. वकील म्हणतो प्रत्येक मेसेज वेगळा तपासावा लागेल. बाई म्हणतात तोवर दवाखाना फुटलेला असतो. दोघंही बरोबर आहेत, हीच तर कटकट.

मिलचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं वाक्य ‘ऑन लिबर्टी’मध्ये नाहीच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मिलचं नाव घेऊन बजावलं: कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, आणि संस्था उलथवून टाकता येतील असे अधिकार त्याच्या हाती देऊ नका. त्यालाच लागून ते भक्तीबद्दलचं: धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी. मिलचं मूळ वाक्य प्रातिनिधिक सरकारावरच्या त्याच्या १८६१ च्या ग्रंथात आहे. भाचीनं ते शोधून आणलं. तेव्हा दिसलं की मूळ वाक्य पुढं जातं: असं करणारे लोक स्वातंत्र्याला कमीअधिक नालायक असतात. बाबासाहेबांनी इशारा घेतला, निकाल तिथंच सोडला. का सोडला हे मी कोण सांगणार? पण आपल्याला नाबालिग ठरवणाऱ्या माणसाच्या वाक्यातलं कामाचं तेवढं काढून घ्यावं, आणि त्याचा नालायकीचा दाखला त्याच्याच कपाटात राहू द्यावा, हे मला फार आवडलं. आज आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्याच पक्षांच्या थोर माणसांचे पाय गुडघ्यापर्यंत दिसतात. त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक, म्हणजे बेकायदा कृत्यांवरून संघटनांवर बंदी घालता यावी यासाठीचं, विधानसभेत आलं तेव्हा आम्ही दुसऱ्या प्रकरणात होतो. आक्षेप अनेकांनी घेतले. पण आवाजी मतदानानं ते मंजूर होताना सभागृहात थेट विरोध नोंदवला तो डहाणूच्या माकप आमदारांनी, एकट्यानं. कायदा चांगला की वाईट यावर आमच्यात दोन तट होते आणि अजून आहेत. मला बेकायदा कृत्याची त्यातली व्याख्या फार ऐसपैस वाटते, वकिलाला तितकीशी नाही. पण त्या रविवारी मला बोचलं ते वेगळंच. दुसऱ्या प्रकरणात मिल म्हणतो, एक सोडून सारी मानवजात एका मताची असली, तरी त्या एकाला गप्प बसवण्याचा तिला तेवढाच अधिकार, जेवढा हाती सत्ता असती तर त्या एकाला साऱ्या मानवजातीला गप्प बसवण्याचा. विधानसभेत निदान तो एक विरोध नोंदला गेला. आमच्या वहीत मास्तर नाहीतच.

मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, गळ्यात तुळशीची माळ, हातात निवडायची मेथी. मी विचारलं, तुम्हाला तो वास चालायचा का? ते म्हणाले, “छे, मळमळायचं. मी खिडकी लावून घ्यायचो.” मग विरोध का केलात? मेथीची काडी मोडत ते म्हणाले, “खिडकी माझी आहे ना.”

यंदाच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय नेहमीचाच होता, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी म्हटलं, मला एका जुन्या इतिवृत्तात दुरुस्ती सुचवायची आहे. ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने, विरोध एक’ असं लिहावं. खजिनदार म्हणाले, ती बाई केव्हाच गेली, आता उकरून काय उपयोग? दुसऱ्या कुणी विचारलं की मग ठराव रद्द होणार का. मी म्हटलं नाही, रद्द करायचा तर तो वेगळा विषय, वेगळी नोटीस, आणि तीही मी देणार आहे. थोडी कुजबुज झाली. मास्तर मागं बसले होते, त्यांनी सूचक म्हणून माझं नाव लिहायला सांगितलं आणि अनुमोदक म्हणून स्वतःचं. अध्यक्ष म्हणाले, “चला, मंजूर करून टाका, पुढं लिफ्टचा विषय मोठा आहे.”

मंजूर कसं, ते लिहिण्याआधी मी पेनाला टोपण लावलं आणि हात मोजले. अकरा वर, चार खाली, दोघं मोबाइलमध्ये, आणि अध्यक्ष तोवर चहा सांगायला बाहेर गेलेले.